भोळी म्हणणारी माणसं

माझ्या आईला नाव होतं, पण आमच्या घरात ते कुणी वापरत नसे. वडील 'अगं' म्हणत, थोरले काका 'धाकटी' म्हणत, आणि आलेल्या-गेलेल्याला तिची ओळख करून देताना सगळेच 'भोळी' म्हणत. "आमची धाकटी म्हणजे अगदीच भोळी हो," असं सांगताना काकांच्या तोंडावर जे कौतुक पसरायचं ते आठवलं की आज या वयातसुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. डॉक्टरांनी रागवायचं नाही म्हणून बजावलंय. डॉक्टरांचं काय जातंय बजावायला!

हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले, आणि कुठं वापरतात, कुणाला वापरतात, ते कान टवकारून बघत आले. देवळात महादेवाला भोळा म्हणतात, तिथं माझी तक्रार नाही, त्याच्याकडनं कोण काय काढून घेणार? पण माणसांत बघा. चार एकर जमीन असलेल्या पुरुषाला कुणी भोळा म्हणत नाही, तो साधा असतो, सज्जन असतो, फार झालं तर 'देवमाणूस' असतो. भोळी असते ती सून. भोळी असते ती मोलकरीण, आणि खेड्यातनं आलेला, शहरात बावरलेला नातेवाईक. आणि हे म्हणायची वेळसुद्धा ठरलेली असते. एक तर त्या माणसाकडनं काही घ्यायच्या आधी म्हणतात, नाही तर घेऊन झाल्यावर म्हणतात. कोशात 'निष्कपट' असा अर्थ दिलाय तो खोटा नाही. पण कपट कुणाजवळ होतं ते कोश सांगत नाही.

आईचं माहेर मोडनिंबचं. लग्न होऊन ती सोलापुरात आली आणि पहिल्याच पहाटे गिरणीचा भोंगा झाला, तेव्हा "अगं बया, ह्ये काय वरडतंय?" म्हणत ती चुलीपासनं उठून अंगणात धावली. एवढीच गोष्ट. पण ती आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली की शेजारपाजारच्या लहान पोरांनाही पाठ झाली होती. साखर पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. मागच्या बोळात विणकरांचे माग दिवसभर खटक-पटक करत, त्यांच्या बायका तेलुगूत मोठ्यानं बोलत, आणि त्या सगळ्या गलक्यात आई दारात उखळाशी बसून शेंगाची चटणी कुटत असे, तेल सुटेपर्यंत, हाताला फोड आला तरी थांबायची नाही. नळाला पाणी आलं की घागर लावायच्या आधी ती धारेखाली हात धरून क्षणभर उभी राहायची. "इंदे, एवढं पाणी कुटनं येत असंल गं?" मी म्हणे, नळातनं. "नळात कुटनं?" वडील पेपरातनं डोकं वर काढून हसत. "भोळी आहे," म्हणत. बरं, ते स्वतः याच शहरात वाढले, गिरणीच्या कचेरीत कारकून झाले, त्यांनी तरी कधी विचारलं होतं का पाणी कुठनं येतं ते? आईनं शेवटी पेठेतल्या पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठून एकरुखच्या तलावापर्यंतची सगळी हकीकत काढून घेतली. तिला नवल वाटायचं, आणि नवल वाटलं की ती विचारायची. आमच्या घरच्या शहाण्यांना नवलच वाटत नसे, म्हणून ते शहाणे.

माझ्या पाठीवर आईला दोन मुलगे झाले, आणि दोन्ही वर्षाच्या आत गेले. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. मग वसंता झाला. गोरापान, गुटगुटीत, हसला की गालाला खळी. आई त्याला कुणाच्या नजरेस पडू द्यायची नाही, त्याच्या कपाळाला एवढा मोठा काजळाचा ठिपका लावायची की तो पोराचा डोळा आहे असं वाटावं. तो दहाएक महिन्यांचा असताना उन्हाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण आईच्या डोळ्यांतली भीती काही उतरेना. आधीचे दोघे याच वयात गेले होते ना!

आता इथं एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं नव्या मुलाला सुपात घालून केरावर ठेवतात. ज्या बाईची सगळी लेकरं जगली आहेत अशी एक बाई येऊन ते उचलते, म्हणते, हे टाकलेलं लेकरू माझं. मग आई तिला ओंजळभर कोंडा देते आणि आपलं मूल तिच्याकडनं विकत घेते. सटवाईनं बघितलं तरी तिला वाटावं, हे त्या घरचं नव्हेच, कोंड्याच्या मोलाचं, कशाला न्यायचं. माझ्या मामाचं नावच कोंडिबा होतं. आमच्या आजोळी त्याला असाच कोंडा देऊन घेतला होता, आणि तो चांगला ऐंशी वर्षांचा होऊन मेला. आईचा या रितीवर पक्का विश्वास होता. वसंताच्या बारशाला तिनं हे करूया म्हटलं तेव्हा वडील म्हणाले, हे अडाण्याचे खेळ आपल्यात नाहीत. झालं, विषय संपला.

थोरले काका कानडी मुलखाच्या कडेला, मैंदर्गीला असत. धान्याची अडत होती, मळा होता, घर होतं, आणि मूल नव्हतं. वडिलांना त्यांनीच सोलापुरात ठेवून वाढवलं, शिकवलं, त्यामुळं दादांचा शब्द म्हणजे वडिलांना वेदवाक्य. त्या उन्हाळ्यात काका सोलापूरला आले, दोन दिवस राहिले, दोघं भाऊ संध्याकाळी फिरायला गेले ते दिवेलागणीला परतले. जेवताना काका आपणहून म्हणाले, "धाकटीला त्या कोंड्याच्या रितीचं फार मनात आहे ना? मग करूया की. मैंदर्गीला करूया. आमचे भटजी सगळं यथासांग करतील. पोराला आमच्या हिच्या ओटीत घालायचं, बास."

आईचा चेहरा उजळला. ती थोरल्या दिरासमोर बोलायची नाही, डोक्यावरचा पदर पुढं ओढून माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "इंदे, इचार की. थोरल्या अक्कांना तर लेकरू न्हाय. ज्येची लेकरं जगल्याती अशा बाईनं उचलायचं असतंय. आन् ह्ये पाचवीला न्हाय तर बाराव्याला करत्यात. आता दहाव्या म्हयन्यात चालतंय व्हय?"

मी विचारलं. काकांनी घास खाली ठेवला आणि वडिलांकडं बघून मोठ्यानं हसले. "बघ, बघ! भोळी ती भोळी. अगं, भटजींना विचारूनच ठरवलंय. पोथीत आहे तसं."

वाचणाऱ्यांनो, जरा थांबा आणि मला सांगा, यात भोळं काय होतं? त्या पंगतीत बसलेल्यांत एकटीनं तिनं नेमकी दोन्ही वैगुण्यं धरली होती. बिनचूक. पंचनामा करणाऱ्या फौजदारालाही सुचले नसते असे प्रश्न तिनं विचारले, आणि त्यावर तिला मिळालं काय, तर हसू. पोथीत आहे म्हटल्यावर ती गप्प बसली. आपल्या घरातली माणसं पोथीचं नाव घेऊन खोटं बोलतील असं तिच्या मनात आलं नाही. याला जर भोळेपण म्हणायचं असेल तर मग कुणी कुणावर विश्वासच ठेवायला नको, घराघरांत वकील बसवा.

मैंदर्गीला निघायच्या दिवशी सकाळी तिनं जोंधळ्याचं पीठ चाळलं आणि वर राहिलेला कोंडा जुन्या धडप्यात बांधून घेतला. "तिथं मिळंल की," मी म्हटलं. "लेकाचं मोल आपल्या घरनं न्यावं," ती म्हणाली. आगगाडीनं आणि मग बैलगाडीनं आम्ही गेलो. वाटेत ती वसंताला पदराखाली घेऊन बसली होती आणि फार खुशीत होती. गाडीवान कानडीत बैलांशी बोलत होता, तर तिला त्याचंही नवल. "बैलांना बी कानडी कळतीय गं!"

विधी दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. तो मैंदर्गीच्या बाजाराचा दिवस होता आणि काकांनी तो मुद्दाम धरला होता, म्हणजे गावोगावची त्यांच्या धंद्यातली बडी माणसं आयती जेवायला आणि साक्षीला. मांडव घातला होता. सनई होती. एका साध्या तोडग्याला सनई कशाला, असं माझ्या मनात आलं, पण मी दहा-अकरा वर्षांची पोर. काका आणि काकू पाटावर बसले, समोर वडील, आणि आई वसंताला घेऊन. भटजींनी संस्कृतात बरंच काही म्हटलं. वडिलांच्या हातावर पाणी घातलं, ते त्यांनी काकांच्या हातावर सोडलं, आणि खाली बघत म्हणाले, "दिला." मग भटजींनी आईला खूण केली. आईनं वसंताचा मुका घेतला आणि त्याला काकूच्या ओटीत ठेवला. सनई वाजली, साखर वाटली. आई उठली आणि तिनं भटजींना वाकून नमस्कार केला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आता माझं पोर जगलं, असं तिला वाटत होतं. त्या भटजीनं तो नमस्कार घेतला, हात वर करून आशीर्वादसुद्धा दिला. मेल्याचा हात कसा वर झाला, मला अजून कळत नाही.

जेवणं झाली. खीर होती, हुग्गी म्हणतात ती, गव्हाची, त्या भागात लग्नाकार्याला करतात. मी पोटभर खाल्ली. आई जेवली नाही, विधी पुरा झाल्यावर जेवते म्हणाली. लोक ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. पंगती उठल्यावर तिनं हातपाय धुतले, धडप्याची गाठ सोडली, आणि बायका बसल्या होत्या त्या माजघरात गेली. काकू वसंताला मांडीवर घेऊन बसली होती. तो रडत होता, त्याची दुधाची वेळ टळून गेली होती, आणि कुणीतरी त्याला वाटीनं गाईचं दूध पाजायला बघत होतं. आईच्या चोळीला पान्हा फुटून डाग पडले होते.

"अक्का, वटी पसरा," आई हसून म्हणाली. "कोंडा घ्या आन् माजं लेकरू द्या. भुकेजलंय."

 मग काकांच्या कुण्या व्यापारी मित्राची बायको, अंगावर चार गावांचं सोनं, तोंडाला पदर लावून फिसकन हसली. "अय्या! किती भोळी गं बाई ही!"

आणि तिच्यामागं सगळ्या हसल्या. सगळ्या नाही. काकू हसली नाही. ती वसंताकडं बघत म्हणाली, "वसंता आता इथलाच ना गं. तुम्ही दत्तक दिलात त्याला. सकाळी दत्तविधान झालं की."

आई तशीच उभी होती, ओंजळीत धडपं धरून. तिनं ते शब्द पुन्हा एकदा स्वतःशी म्हटल्यासारखे ओठ हलवले. मग ती वळली आणि पुरुषांच्या बैठकीच्या दारात गेली. तिथं बायकांनी जायचं नसतं. वडील पान लावत बसले होते.

"तुमाला ठावं व्हतं?" तिनं विचारलं.

वडिलांनी चुना बोटावर घेतला. "अगं, आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मंग रडले असते की! रडून न्हाय म्हनले असते!"

"आत जा. लोक बघतायत. चार दिवस जड जाईल, मग विसरशील. पोराचं कल्याण होतंय ते बघ."

माझ्या वडिलांबद्दल मी पुष्कळ ठिकाणी चांगलं लिहिलंय. ते मारकुटे नव्हते, पिणारे नव्हते, मला त्यांनी शाळेत घातलं. सगळं खरं. पण त्या दुपारी चुन्याचं बोट वर धरून बसलेला तो माणूस मी माफ केला नाही, आणि करणारही नाही. बायकोच्या पोटचं पोर, तिच्याच हातानं, तिला न सांगता देऊन टाकायचं, आणि वर तिच्या रडण्याची काळजी! चोर घरात शिरताना कुत्र्याला भाकरी टाकतो, तोसुद्धा याहून जास्त मान देतो कुत्र्याला.

आई रडली नाही. त्यांनी सगळा हिशेब तिच्या रडण्यावर मांडला होता आणि तिथंच ते फसले. तिनं परत माजघरात येऊन भिंतीवरचं सूप काढलं, त्यात कोंडा ओतला, आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. मी तिच्या मागं पळाले. काकांची अडत घराला लागूनच होती, समोर बाजार भरलेला, गाड्या सोडलेल्या, मिरच्यांचे ढीग, लोकांची ही गर्दी. त्या रस्त्यात, अडतीच्या बरोबर समोर, ती मांडी घालून बसली. पुढ्यात सूप. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. एवढ्या वर्षांत मी तिला उघड्या डोक्यानं घराबाहेर पाहिलं नव्हतं.

ती ओरडली नाही, छाती पिटली नाही. जो थांबेल त्याला एकच सांगत होती. "माजं लेकरू उचललंय. मी कोंडा घिऊन आलीया. कोंडा घेत न्हाईत, लेकरू देत न्हाईत." बहुतेकांना मराठी धड कळत नव्हतं, तिला कानडी येत नव्हतं. पण मिरच्या विकणारी एक म्हातारी जागची उठून आली. तिनं सुपातला कोंडा बघितला, आईच्या भिजलेल्या चोळीकडं बघितलं, आतनं येणारं पोराचं रडणं ऐकलं, आणि तिला बोलीची गरजच पडली नाही. ती रीत तिच्या गावातही होती. तिनं आमच्या अडतीतल्या हमालाला बोलावून दोन-चार प्रश्न विचारले, त्यानं मान खाली घालून उत्तरं दिली. मग ती कमरेवर हात ठेवून घराकडं तोंड करून ओरडली, "कूस कोडरी!" म्हणजे, लेकरू द्या. आणखी बायका आल्या. भाजीवाल्या, कापडवाल्या, बाजाराला आलेल्या कुणब्याच्या बायका. "कूस कोडरी! कूस कोडरी!" म्हातारी आणखी काही तरी बोलली आणि बायकांनी गालाला बोटं लावली. मी हमालाला विचारलं, ती काय म्हणते? तो सांगायला तयार नव्हता. मग म्हणाला, "म्हनती, कोंडा न घेता ठेवल्यालं लेकरू त्या घराला धार्जिनं न्हाय. घर खातंय म्हनं."

काका बाहेर आले. लालबुंद झाले होते, पण बाजार समोर होता, त्यांच्याच गिऱ्हाइकांनी भरलेला, म्हणून त्यांनी हसायला सुरुवात केली. "अहो, भोळी आहे हो आमची धाकटी. दत्तविधान म्हणजे काय ते तिला कळलंच नाही. ऊठ गं धाकटे, घरात चल."

आणि माझी आई आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या दिराशी समोरासमोर, वर मान करून बोलली.

"भावजी, मला कळलं न्हाय ह्ये खरं. तुमी कळू दिलं न्हाय. आता कळलंय. आता इचारा मला, लेकरू देती का म्हून. ह्या समद्यांच्या म्होरं इचारा."

काकांनी विचारलं नाही. ते इकडं बघू लागले, तिकडं बघू लागले. एवढा अडतीवर भाव ठरवणारा माणूस, शंभर माणसांत आवाज चढवणारा, त्याला तो एक प्रश्न विचारता येईना. वडील दाराच्या आत उभे होते, बाहेरसुद्धा आले नाहीत.

मग काकू आली. जरीचं लुगडं, नाकात नथ, कडेवर रडून काळानिळा झालेला वसंता. म्हातारीचं बोलणं तिनं आतनं ऐकलं होतं, तिला कानडी चांगलं येत होतं. तिच्या तोंडावर रक्त राहिलं नव्हतं. ती तशीच, त्या जरीच्या लुगड्यानिशी, धुळीत आईसमोर बसली आणि तिनं पदर पसरला. आईनं सुपातला कोंडा तिच्या पदरात ओतला. काकूनं वसंताला आईच्या ओटीत ठेवलं.

"घेतला हं मी कोंडा," काकू म्हणाली.  "आता माझ्यावर काही नाही ना गं?"

"न्हाय अक्का. तुमच्यावर काय बी न्हाय."

तिच्या जागी मी असते तर म्हटलं नसतं. चांगली झुरू दिली असती दहा वर्षं. पण आईनं तिच्या पाठीवर हात फिरवला, आणि मग पदर ओढून तिथंच रस्त्यात वसंताला पाजायला घेतलं. त्या सगळ्या बायका तिच्याभोवती पाठ करून उभ्या राहिल्या, आडोसा म्हणून. पोर चुरूचुरू पीत होतं. कुणी हसत नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही परतलो. गाडी होटगी जंक्शनला थांबली तेव्हा वडील पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "दादांचं तोंड काळं केलंस."  आई खिडकीतनं नवलानं रुळांकडं बघत होती, एका ठिकाणाहून इतक्या वाटा कशा फुटतात म्हणून.

तुम्हाला वाटेल, तेव्हापासून तिला भोळी म्हणायचं बंद झालं असेल. डोंबल! उलट तेव्हापासून त्या शब्दाला एक गोष्टच चिकटली. काकांनी ती नातेवाइकांत अशी पसरवली की, धाकटी भोळी, तिला वाटलं हा काही तोडगा आहे, दत्तक म्हणजे काय ते बिचारीला उमगलं नाही. आणि वर काका सांगत, मग मीच म्हटलं, जाऊ दे, आईचं मन कशाला मोडा, आणि मोठ्या मनानं पोर परत दिलं. मोठ्या मनानं! वडीलही तसंच सांगू लागले. काही वर्षांनी तर त्यांना ते खरंच वाटायला लागलं. रस्ता गेला, सूप गेलं, ती मिरच्यांची म्हातारी गेली, आईनं विचारलेला प्रश्न गेला. राहिली ती फक्त एक भोळी बाई आणि एक उदार दीर. पोर न्यायचं त्यांना जमलं नाही, म्हणून त्यांनी तिची लढाई चोरली.

त्याच वर्षी शाळेत बाईंनी विशेषणं घेतली होती. 'भोळा' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, हरिण हा भोळा प्राणी आहे. बाई म्हणाल्या, छान. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "ज्याला फसवायचं ठरलेलं असतं त्याला लोक भोळा म्हणतात." बाईंनी मला हात पुढं करायला सांगितला आणि छडी मारली. म्हणाल्या, हे वाक्य नव्हे, हा उद्धटपणा आहे. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, हजारो वाक्यं तपासली. माझ्या त्या वाक्यात मला आजवर चूक सापडलेली नाही.

काकांनी नंतर लांबच्या एका चुलत भावाचा मुलगा घेतला. मळा, अडत, घर, सगळं त्याला गेलं. वसंता आमच्या दोन खोल्यांत वाढला, शिकला, वडिलांच्याच कचेरीत चिकटला. वडील वारले, त्यानंतरची गोष्ट. मी माहेरी आले होते. वसंताचं लग्न ठरत होतं आणि मोडत होतं, मुलीकडचे म्हणत, घर लहान आहे, पगार लहान आहे. तो जेवायला बसला होता, आई भाकरी थापत होती. तो एकदम हसला आणि म्हणाला, "ताई, मैंदर्गीचा मळा बघून आलो परवा. काय विहीर आहे, काय ऊस आहे! आज मी तिथला मालक असतो." मग आईकडं वळून, अगदी प्रेमानं, चेष्टेत म्हणाला, "तू एवढी भोळी नसतीस ना आई, तर माझं नशीब उघडलं होतं बघ."

मी उठले आणि त्याच्या मुस्काटात मारली. चांगला पंचविशीचा बाप्या, हातातला घास खाली पडला.  त्याला खरंच कळलं नव्हतं मी का मारलं.

"मारतीस का गं त्येला?" आई ताडकन उठली. "भोळं हाय ते. त्येला कुनी काय सांगितलंय?"

एवढ्या वर्षांत त्या घरात तो शब्द तेव्हा एकदाच खऱ्या अर्थानं उच्चारला गेला. मी म्हटलं, "मग मी सांगते. सगळं सांगते." आई पुढं आली आणि तिनं पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. "गप. बापाचं असलं लेकानं ऐकू न्हाय. मेल्याली मान्सं हायेत." मला तिचा इतका राग आला, इतका राग आला! पण तिच्यापुढं माझं काही चालत नसे. ती परत चुलीशी बसली आणि तिनं त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली, आणि तो जेवला.

आता आईही नाही. माझ्या तोंडावर हात ठेवायला कुणी उरलेलं नाही. वसंता, चष्मा लाव आणि हे नीट वाच.